शिडाचें पोट

इ. स. १८५१ च्या ऑगस्टच्या २२ व्या तारखेस इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटाभोंवतीं ५३ मैलांची नौकांची एक शर्यत झाली. तींत न्यूयॉर्कहून आलेल्या ‘अमेरिका’ नामक एकट्या नौकेनें चौदा-पंधरा इंग्रजी नौकांस मागें टाकिलें. दुसरा नंबर कोणाचा, असें व्हिक्टोरिया राणीनें विचारितां, दुसरा कोणी नाहींच, असें उत्तर मिळालें म्हणतात. ही कथा आम्हांस जरा अधिकच सुबक वाटते. कारण ‘अरोरा’ ही चिमुकली नौका थोड्याच मिनिटांनीं येऊन पोंचली होती.

जॉर्ज स्टीअर्स यानें आंखिलेली ‘अमेरिके’ची निमुळती नाळ इंग्रजांच्या डोळ्यांत भरली, व पराजयाचें सारें कारण बहुतेकांनीं तेथेंच शोधिलें. हें खोटें नव्हे. पण वाऱ्याची पहिली गांठ पडते ती शिडाशीं, नाळेशीं नव्हे. वारा पाठीमागून असला म्हणजे शिडानें तो कोंडून धरिला कीं पुरे; शिडाचें पोट सुटलेलें असलें तर लाभच. परंतु वारा समोरून तिरपा येऊं लागला कीं शिडास पक्ष्याच्या पंखासारखें वागावें लागतें. वारा त्याच्या दोन्ही अंगांनीं वाहतो व त्या दोन अंगांवरील दाबांच्या फरकानें नौका पुढें ओढली जाते. यासाठीं शिडास बांक हवा, पण बेताचा, आणि तोहि डोलकाठीच्या बाजूस. इंग्रजी शिडें अळशीच्या वाखाचीं असत. ताण बसतांच तें कापड सैल पडे, पोट मागें सरके, आणि नौका पुढें जाण्याऐवजीं कुशीवर कले. विणींतून वारा निसटूं नये म्हणून खलाशी शिडांवर पाणी मारीत. पण पाण्यानें विणीचीं छिद्रें बुजलीं तरी आकार कोठून सुधारणार? त्यांत मोठ्या शिडाची खालची कड आडव्या वाशास टोंकांपाशींच काय ती बांधलेली. मधला भाग मोकळा. ‘अमेरिके’चें शीड यंत्रावर घट्ट विणलेल्या सुती कापडाचें, व त्याची खालची कड दोरीनें वाशास सबंध आवळलेली होती. म्हणून तें जवळजवळ सपाट राही.

तथापि एका शर्यतीवरून निकाल देणें बरें नव्हे. वाटेंतील नॅब येथील दीपनौकेस बाहेरून वळसा घालण्याचा प्रघात होता. ‘अमेरिका’ आंतूनच गेली. तक्रार झाली, पण छापील नियमांत तशी अट नसल्यामुळें ती टिकली नाहीं. खरी परीक्षा सहा दिवसांनीं झाली. या वेळीं प्रतिस्पर्धी ‘टायटानिया’ ही लोखंडी नौका होती. तिचे मालक प्रसिद्ध अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन. मुंबई-ठाणें लोहमार्ग बांधणाऱ्या कंपनीचे सल्लागार तेच. वाऱ्याबरोबर जातांना ‘अमेरिके’स थोड्याच मिनिटांची आघाडी मिळाली, वाऱ्याच्या तोंडावर परततांना मात्र ती पाऊण तासाहून अधिक झाली. ‘टायटानिया’ आकारानें लहान होती, हें खरें. पण जातांना न दिसलेला हा भेद येतांनाच दिसावा, याचें उत्तर बरेचसें शिडाच्या पोटांत आहे, असें आम्हांस वाटतें.

पुढें इंग्रजी नौकांवरहि सपाट सुती शिडें चढूं लागलीं. चषक मात्र १९८३ पर्यंत अमेरिकनांकडेच राहिला. आणि ती नौका? तिच्या मालकांनीं ती थोड्याच दिवसांत एका आयरिश सरदारास विकून टाकिली, व नुसता चषक घेऊन ते घरीं परतले.