निवडुंग आणि ब्रह्मकमळ : उसन्या नावांचा इतिहास

मराठी कवितेत किंवा कथेत निवडुंग आला, की त्याच्या मागोमाग माळरान, उपेक्षा आणि एकाकीपण ठरल्यासारखे येतात. याउलट ब्रह्मकमळ म्हटले, की पावित्र्य, दुर्मीळता आणि मध्यरात्रीचे दर्शन. ही दोन प्रतीके परस्परविरोधी आहेत असे आपण गृहीत धरतो. वनस्पतिशास्त्र मात्र वेगळेच सांगते. बांधावरचा फड्या निवडुंग आणि गॅलरीतल्या कुंडीत फुलणारे 'ब्रह्मकमळ' ही दोन्ही झाडे कॅक्टस या एकाच कुळातली आहेत, आणि दोन्ही अमेरिका खंडातून आलेली आहेत.

कॅक्टस कुळ, एखाददुसरा अपवाद वगळता, मूळचे अमेरिकेतलेच. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी दख्खनच्या पठारावर फड्या निवडुंग असणे शक्य नव्हते. मग आपल्याकडे 'निवडुंग' हे नाव कोणाचे होते? ते होते यूफोर्बिया कुळातल्या काटेरी, चिकाळ झुडपांचे. संस्कृत वैद्यकातली स्नुही ती हीच. चरकसंहितेत तिच्या चिकाचे रेचक म्हणून वर्णन आहे. त्रिधारी निवडुंग हाही तिचाच भाऊबंद. परदेशातून नवे काटेरी झाड आले तेव्हा मराठीने त्याला नवा शब्द घडवला नाही. नागाच्या फड्यासारख्या चपट्या खोडांवरून 'फड्या' हे विशेषण जोडून जुन्याच घरात त्याची सोय लावली. पुढे पाहुणाच इतका माजला, की आज नुसते 'निवडुंग' म्हटले तरी डोळ्यांपुढे तोच उभा राहतो. खूण मात्र सोपी आहे. खोड मोडल्यावर पांढरा चीक आला आणि फुले बारीक, पाकळ्यांविना असली, तर तो आपला जुना निवडुंग. चीक नाही, आणि उन्हाळ्यात कडेवर पिवळी-नारिंगी, भरपूर पाकळ्यांची फुले लागून पुढे लाल बोंडे धरली, तर तो अमेरिकन.

हा पाहुणा एवढा फोफावला यामागे व्यापाराचाही हात होता. मेक्सिकोत या झाडावर पोसल्या जाणाऱ्या कोचिनील किड्यापासून उत्तम तांबडा रंग मिळे आणि त्या व्यापारावर स्पेनची मक्तेदारी होती. ती मोडावी म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधील डॉ. जेम्स अँडरसन यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयाने निवडुंगाच्या बागा लावल्या. १७९५ मध्ये कॅप्टन नील्सन यांनी ब्राझीलमधून किडे आणले. पण ते हलक्या, रानटी जातीचे निघाले. रंगाचा धंदा बसला आणि किड्यांनी निवडुंगाची एक जात फस्त करायला घेतली. हाच अपघात पुढे उपाय ठरला. १८६३ ते १८६८ या काळात दक्षिण भारतात तोच किडा मुद्दाम सोडून त्या जातीचे रान हटवले गेले. किड्यांकरवी तणाचा बंदोबस्त करण्याच्या जगातल्या पहिल्या उदाहरणांत याची गणना होते. त्या किड्याला न जुमानणाऱ्या दुसऱ्या जातींसाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसरा किडा आणावा लागला.

मधल्या काळात हा निवडुंग दख्खनच्या जगण्यात मुरला होता. शेताला तो कुंपण झाला, दुष्काळात काटे जाळून गुरांपुढे टाकण्याचा चारा झाला आणि पोरांच्या जिभा लाल करणारा रानमेवाही झाला. 'रुक्ष भूमीचे आदिम अपत्य' ही त्याची साहित्यातली ओळख या काही पिढ्यांच्या सहवासातून आलेली आहे.

दुसऱ्या पाहुण्याची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. खरे ब्रह्मकमळ हिमालयात सुमारे साडेतीन ते साडेचार हजार मीटर उंचीवर, ऐन पावसाळ्यात फुलते. ते सूर्यफुलाच्या कुळातले असून उत्तराखंडचे राज्यपुष्प आहे. आपण ज्याची पूजा करतो, ज्याच्या उमलण्यासाठी शेजाऱ्यांना बोलावतो, ते एपिफायलम आहे. त्याचे मूळ घर दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली दमट जंगले. तिथे ते झाडांच्या फांद्यांवर, सालीच्या बेचक्यांत साचलेल्या पालापाचोळ्यात वाढते. त्याची 'पाने' म्हणजे वस्तुतः चपटी खोडे; म्हणूनच फूल पानातून आल्यासारखे दिसते. रात्री उमलून पहाटे मिटणे हे निशाचर परागवाहकांशी जुळलेले त्याचे वेळापत्रक आहे.

येथे 'कॅक्टस म्हणजे वाळवंट' हे समीकरणही कोसळते. फड्याला कडक ऊन आणि निचऱ्याची जमीन हवी. तो रंध्रे रात्री उघडतो, त्यामुळे दिवसाच्या तापात पाणी उडून जात नाही. एपिफायलमला थेट ऊन सोसत नाही. त्याला गाळीव उजेड, दमट हवा आणि भुसभुशीत पालापाचोळा लागतो. पाणी साचले तर मात्र दोघांचीही मुळे कुजतात. म्हणजे फुलणे हे केवळ सोसण्याचे फळ नाही. ज्याची त्याची अनुकूलता लाभल्याची ती खूण आहे. निवडुंगाचे फूल 'वैराणातही' उमलले असे आपण लिहितो, तेव्हा ते वैराण आपले असते. निवडुंगाच्या दृष्टीने ती उत्तम जमीन असते.

म्हणून प्रतीके टाकून द्यावीत असे नाही. कवी ज्या निवडुंगाकडे पाहून लिहितो तो त्याच्या बांधावरचाच असतो, आणि गॅलरीतल्या फुलापुढे जोडलेले हातही खोटे नसतात. पण वर्गात ही प्रतीके शिकवताना त्यांना अनादी, 'मातीतली' म्हणण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, ती तपासायला हवी. एकाच कुळातले दोन परदेशी पाहुणे आले. एकाला आपण कुंपणाचे नाव दिले आणि दुसऱ्याला देवाचे. हा भेद झाडांनी केलेला नाही. तो आपल्या भाषेने केला. प्रतीकाचा अभ्यास तिथून सुरू व्हायला हवा.