लाजेचा आजार आणि कारखान्याचा कायदा

पुरुषांच्या कॅन्सरबद्दल कामाच्या जागी बोलायचं, ही कल्पना नवीन वाटते ना? तिची मुळं 1775 सालात आहेत. धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणाच्या पिशवीवर होणारा कॅन्सर काजळीमुळे होतो, असं लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी तेव्हा लिहिलं.

1922 मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी तोच कॅन्सर सूतगिरणी कामगारांत दाखवला. कारण निघालं यंत्राचं खनिज तेल. पण जागा लाजेची, त्यामुळे माणसं दुखणं अंगावर काढायची.

आपल्याकडे 2025 पर्यंत लागू असलेला कारखाने अधिनियम, 1948 काढा. कलम 89 आणि तिसरी अनुसूची बघा. त्वचेच्या ठरावीक कॅन्सरची खबर व्यवस्थापकाने आणि डॉक्टरनेही द्यायची, असा नियम होता. म्हणजे बोलण्याचा भार एकट्या कामगारावर राहिला नाही.

आता खानदेशात या. जळगावात डाळ मिल, चटई आणि पाइपचे कारखाने, धुळ्यात यंत्रमाग. भारतीय पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सगळ्यात पुढे आहे आणि मुख्य कारण तंबाखू. 2008 पासून कामाच्या जागी धूम्रपानबंदी आहे, 2012 पासून राज्यात गुटखाबंदी. पण रात्रपाळीत झोप उडवायला मळलेली तंबाखू त्या अनुसूचीत बसत नाही. ती सवय समजली जाते, कामाचा धोका नाही.

मग सवय कुठे संपते आणि काम कुठे सुरू होतं? संशोधनाला विषय शोधत असाल, तर कायद्याच्या यादीत काय आहे ते वाचाच. काय नाही, तेही लिहून ठेवा. प्रश्न बहुतेक तिथेच सापडतो.