खळ्यातली सीमा : औरंगाबाद सुभा, मराठे आणि निजाम

१/ अठराव्या शतकात आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरावर अंमल कोणाचा होता? निजामाचा, हे उत्तर अर्धेच खरे आहे. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून सनदा आणल्या. त्यांनुसार दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी शाहू छत्रपतींना मिळाली. औरंगाबाद हा त्यांतलाच एक सुभा.

२/ चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. दोन्ही मिळून शंभरांतले पस्तीस. एकाच गावी मोगल अंमलदारही येई आणि मराठ्यांचा कमाविसदारही. याला दुअंमल म्हणत. दोन सत्तांची सीमा रयतेच्या खळ्यातच पडलेली होती.

३/ ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखान पडला आणि निजामउल्मुल्क दख्खनचा खरा धनी झाला. पुढे त्याने मराठ्यांतील दुहीवर बोट ठेवले : शाहू की कोल्हापूरचे संभाजी, खरे छत्रपती कोण हे ठरेपर्यंत चौथाई मिळणार नाही.

४/ फेब्रुवारी १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावांनी वैजापूरजवळ पालखेड येथे निजामाला वेढले व त्याचे पाणी तोडले. ६ मार्चच्या मुंगी-शेवगावच्या तहात शाहूंचा हक्क मान्य झाला. वाद जमिनीपेक्षा वसुलीच्या अधिकाराचा होता.

५/ पुढे मुलूखच हातोहात फिरू लागला. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर साठ लक्षांचा प्रदेश व दौलताबादचा किल्ला मराठ्यांनी मागून घेतला. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला गोदावरीकाठी निजामअलीचा दिवाण विठ्ठल सुंदर ठार झाला. तह औरंगाबादेत झाला. त्याच वर्षी निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि औरंगाबाद सरहद्दीवरचे शहर होऊन राहिले.

६/ १८१८ नंतर पेशव्यांचे हक्क इंग्रजांकडे गेले. १८२२ च्या तहाने चौथाई संपली, काही मुलखाची अदलाबदल झाली. दुअंमल मिटला, पण मराठी मुलखाचे दोन तुकडे कायम झाले. त्या सरहद्दीवर निजामाचे करोडगिरी नाके उभे होते. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात सशस्त्र तुकड्यांनी याच नाक्यांवर हल्ले केले.

७/ सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि ती सरहद्द पुसली गेली. अठराव्या शतकाचा दोन ठळक रंगांतला नकाशा समोर आला, तर एक प्रश्न अवश्य विचारावा : या गावातले धान्य कोण कोण मोजून नेत होते?