धूर मोजायचा कुठे?

चूल, वैल, फुंकणी, धुराडे, धाब्याच्या घराच्या छतातले साणे हे शब्द आपल्यापैकी अनेकांनी आजोळी ऐकलेले आहेत. इथे अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांना मात्र स्वयंपाकघरातला धूर ठाऊक आहे तो फोडणी पडताच कोकलणाऱ्या स्मोक अलार्ममुळे! या दोन स्वयंपाकघरांना जोडणारा एक इतिहास आहे. तो आहे मोजमापाचा. चुलीपाशी अभियंत्यांनी काय मोजले आणि काय मोजायचे राहून गेले, याची ही थोडक्यात हकीकत.

सुरुवात याच देशात जन्मलेल्या एका गृहस्थापासून करू. बेंजामिन टॉम्सन, म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेला काउंट रमफर्ड, १७५३ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला. नाव मात्र त्याने युरोपात कमावले. म्युनिकमध्ये गोरगरिबांसाठी मोठाली स्वयंपाकघरे चालवताना त्याच्या लक्षात आले, की उघड्या जाळावर लाकडाची बहुतेक उष्णता फुकट जाते. त्याने विस्तव विटांच्या बांधकामात कोंडला आणि भांडी वरच्या भोकांत बसवली. किती लाकडात किती पाणी उकळते, हा त्याचा हिशेब. धूर धुराड्यातून गेला हा फायदा खराच, पण तराजूत होते ते सरपण.

आपल्याकडेही या प्रश्नाला हात घालणारे होते. वर्ध्याच्या ग्रामोद्योग चळवळीतून ‘मगनचूल’ पुढे आली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ साली निर्धूर स्वयंपाकघरावर पुस्तकच लिहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर चुलीपुढे बसलेली बाई होती, हे आवर्जून सांगायला हवे. पुढे १९८० च्या दशकात भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत तो चालला आणि तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. पण त्यामागची मोठी चिंता जंगलतोडीची होती, आणि यश मोजले गेले ते बसवलेल्या चुलींच्या संख्येने. कित्येक चुली वर्षा-दोन वर्षांत मोडल्या, धुराडी काजळीने तुंबली, आणि धूर पुन्हा घरात आला. कागदावर चूल बसलेली ती बसलेलीच!

याच सुमारास एका साध्या कल्पनेने या विषयाला वेगळे वळण दिले. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातेतल्या चार खेड्यांत हवेचे नमुने घेणारे यंत्र स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्याच अंगावर लावले. ती जिथे श्वास घेते, तिथली हवा मोजायची! १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वयंपाकाच्या वेळी दर घनमीटर हवेत सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम धूलिकण होते. त्या काळी अमेरिकेत बाहेरच्या हवेसाठी चोवीस तासांची मर्यादा होती ०.२६ मिलिग्रॅम. शहरांच्या प्रदूषणाची चर्चा गिरण्यांच्या चिमण्यांभोवती फिरत असताना, त्याहून दाट धुरात आपल्या आया-आज्या भाकऱ्या भाजत होत्या. स्मिथ २०२० साली निवर्तले, पण ‘मोजायचे तर माणसापाशी’ हा त्यांचा धडा कायम आहे.

२०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि २०१९ च्या सप्टेंबरात आठ कोटीवी जोडणी औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) देण्यात आली. ही मोठीच मजल आहे. तरीही जुना प्रश्न उरतोच. जोडण्या मोजायच्या, की सिलिंडर परवडत नाही म्हणून पुन्हा पेटलेली चूल मोजायची?

‘आपण तर सुटलो’ असे म्हणण्याची मात्र घाई नको. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्यासाठी अमेरिकन घरांच्या फटी बुजवल्या जाऊ लागल्या. त्याच दशकात बर्कलेच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी गॅसच्या शेगडीमुळे घरात साठणारा नायट्रोजन डायऑक्साइड मोजून दाखवला. तो ना दिसतो, ना डोळ्यांतून पाणी काढतो. त्यात आपली फोडणी आणि तळण यांचे सूक्ष्म कण मिसळतात. ते तर विजेच्या शेगडीवरही होतात.

शेगडीवरच्या पंख्याचा मोठेपणा इथे वर्षानुवर्षे मिनिटाला किती घनफूट हवा ओढतो, यावर सांगितला गेला. त्याने धुराचा किती हिस्सा खरोखर पकडला, हे कोणी विचारत नव्हते. बर्कलेच्याच संशोधकांनी २०१२ साली पंखे तपासले, तेव्हा काही पंधरा टक्केसुद्धा पकडत नव्हते, तर काही अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर! हे मोजण्याची प्रमाणित पद्धत २०१८ साली आली, आणि २०२३ पासून कॅलिफोर्नियाच्या नव्या घरांच्या नियमांत तिला स्थान मिळाले. रमफर्डनंतर सव्वादोनशे वर्षांनी!

तेव्हा वाचकहो, येत्या दिवाळीत चकल्यांची कढई चढवण्यापूर्वी एवढे करा. आपला पंखा हवा घराबाहेर टाकतो, की जाळीतून फिरवून पुन्हा आपल्याच तोंडावर सोडतो, ते बाहेर जाऊन पाहा. नुसती फिरवत असेल तर खिडकी उघडा. कढई मागच्या बर्नरवर ठेवा, कारण बहुतेक पंखे पुढच्या बर्नरपर्यंत नीट पोचत नाहीत. पंखा तेल तापण्याआधी लावा आणि तळण संपल्यावरही दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवा. आणि गावाकडे फोन कराल तेव्हा ‘गॅस आला का?’ एवढेच विचारू नका. ‘चूल अजून किती वेळा पेटते?’ हेही विचारा.