भाग २७ : डान्सवाल्याने शोधलेला ग्रास कटर

आजची गोष्ट सुरू होते आमच्या गावी, राजापूरजवळ. मागच्या गणपतीआधी काकांच्या बागेत गवत कमरेपर्यंत आलेलं. काकांनी ग्रास कटर घेतलाय, पण त्याची नायलॉनची दोरी बाहेरच येईना. हेड जमिनीवर आपटून आपटून काका वैतागले. म्हणाले, "अरे, काढ ती दोरी आणि बायंडिंग वायर बांध. तुटायची भानगडच नको!"

मी म्हटलं, "काका, दोन मिनिटं थांबा. आधी एक गोष्ट ऐका."

साल १९७१. अमेरिकेतलं ह्यूस्टन शहर. तिथे जॉर्ज बालास नावाचा एक माणूस होता. इंजिनिअर वगैरे नाही हं, डान्स स्टुडिओवाला! त्याच्या आवारात मोठी झाडं होती. बुंध्याशी वाढलेलं गवत काढायला पातं चालवलं की सालीला इजा व्हायची. एक दिवस तो गाडी धुवायला कार वॉशमध्ये गेला. तिथले नायलॉनचे ब्रश गरागरा फिरताना ताठ होत होते, मळ काढत होते, पण गाडीच्या रंगाला धक्का लागत नव्हता.

झालं! घरी येऊन त्याने पॉपकॉर्नच्या डब्याला भोकं पाडली, त्यातून मासे पकडायची नायलॉन दोरी ओवली आणि डबा लॉनच्या कडा कापायच्या मशीनवर बसवून फिरवला. गवत कापलं गेलं. कंपन्यांनी नकार दिला, म्हणून त्याने स्वतःच ते बाजारात आणलं. नाव ठेवलं 'वीड ईटर'. पुढे १९७७ मध्ये एमर्सन इलेक्ट्रिकने त्याचा धंदा विकत घेतला.

आता गंमत बघा. नायलॉन मऊ म्हणून झाड वाचतं, पण मऊ म्हणूनच ते झिजतं. सुरुवातीच्या यंत्रांत दर वेळी मशीन बंद करून दोरी हाताने ओढावी लागायची. मग ठोकून दोरी सोडणारं हेड आलं. खालची गुंडी जमिनीवर टेकवली की स्प्रिंग दबते, रिळाची अडक क्षणभर सुटते आणि फिरण्याच्या जोराने दोरी बाहेर फेकली जाते. जास्तीची दोरी गार्डवरचं छोटं पातं कापतं.

म्हणजे मशीन मंद फिरत असेल तर कितीही आपटा, दोरी येणार नाही. काका नेमकं तेच करत होते.

इंजिन बंद केलं, प्लगची टोपी काढली आणि हेड उघडलं. आत दोरीचे वेढे एकमेकांवर चढलेले. घासून घासून गरम झाले आणि चक्क वितळून चिकटले होते! शिवाय रिळावरच्या बाणाच्या उलट्या दिशेने गुंडाळलेले. गुंडाळणारा कोण? मीच, मे महिन्यात.

नवी २.४ मिलिमीटरची दोरी घेतली, आमच्या हेडला तीच लागते. मधोमध दुमडून खाचेत अडकवली. दोन्ही बाजू आपापल्या कप्प्यात, बाणाच्या दिशेने, शेजारी शेजारी गुंडाळल्या. रीळ काठोकाठ भरलं नाही. जुनी उरलेली दोरी उन्हाळाभर माळ्यावर सुकून कडक झाली होती, ती रात्रभर पाण्यात टाकली. नायलॉन पाणी पितं आणि पुन्हा लवचिक होतं.

आणि वायर? तिचा तुटलेला तुकडा गोळीसारखा उडतो. पायात घुसेल, डोळ्यात जाईल. काकांच्या दोन वर्षांच्या हापूस कलमांना तर नायलॉनसुद्धा सोलून काढतं. साल सगळीकडून गेली की कलम मेलंच. म्हणून प्रत्येक कलमाभोवती हातभर जागा सोडली. तिथलं गवत काकांनी कोयतीने काढलं.

संध्याकाळी काकांनी वायरचं भेंडोळं खुंटीला परत टांगलं आणि विचारलं, "तो डान्सवाला अजून आहे का रे?" मी म्हटलं, २०११ मध्ये गेला. काका म्हणाले, "झाडांसाठी डोकं चालवलं बिचाऱ्याने."

तुमच्या घरचा कटर अडला, तर आधी हेड उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!