गोफणीचा दगड आणि सहा जणींची नावं

ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं राखायचं काम आपल्यातल्या कितीतरी जणींनी केलंय. गोफण गरगरा फिरवायची, एक टोक सोडायचं, की दगड सुटलाच! तो वर चढतो, वळतो आणि लांब जाऊन पडतो. आपल्या हाताला हे सवयीनं कळतं. पण त्याची वाट नेमकी कशी असते, हे कळायला शेकडो वर्षं लागली. आज आम्ही तीच गोष्ट सांगणार आहोत. तिच्यात पुढे बायका येतात, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

इटलीत गॅलिलिओ नावाचा शास्त्रज्ञ होऊन गेला. त्याच्या आधी बरेच विद्वान मानत, की तोफेचा गोळा सरळ जातो आणि जोर संपला की खाली पडतो. गॅलिलिओनं उतरत्या फळीवरून गोळी घरंगळू दिली, ती मेजाच्या कडेवरून किती लांब पडते ते मोजलं. १६३८ साली छापलेल्या पुस्तकात त्यानं मांडलं, की फेकलेल्या वस्तूला एकाच वेळी दोन चाली असतात. पुढे जाण्याची चाल तशीच राहते. खाली पडण्याची चाल मात्र क्षणाक्षणाला वाढते. वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर पडते, दोन सेकंदांत सुमारे २० मीटर. या दोन चाली मिळून कमान होते. म्हणूनच एक दगड आडवा फेकला आणि त्याच उंचीवरून, त्याच क्षणी दुसरा नुसता सोडला, तर सपाट जमिनीवर दोन्ही जवळजवळ एकदमच पडतात.

पण तोफेचा गोळा फार वेगानं जातो, त्याला हवा अडवते आणि कमान बिघडते. मग वाटेचे बारीक तुकडे करून एकेका तुकड्याचा हिशेब करावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला तोफांसाठी असे तक्ते हवे होते. ते काम फिलाडेल्फिया शहरात गणित शिकलेल्या मुलींकडे आलं. एका गोळ्याच्या एका वाटेला ३० ते ४० तास लागत. आज आपण यंत्राला कॉम्प्युटर म्हणतो. तेव्हा हा शब्द हिशेब करणाऱ्या माणसांसाठी होता. काम अवघड, पण सरकारी कागदावर या मुलींचा दर्जा दुय्यम.

पुढे याच हिशेबासाठी एनिआक नावाचं खोलीभर मोठं विजेचं यंत्र बनलं. १९४५ साली त्यावर काम करायला सहा जणी निवडल्या. के मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. जीन शेतकऱ्याची मुलगी. के लहानपणी आयर्लंडच्या खेड्यातून आली, तेव्हा तिला इंग्रजीही येत नव्हतं. सुरुवातीला या सहा जणींना यंत्राच्या खोलीत जायलाही परवानगी नव्हती. नकाशे बघून त्या यंत्र शिकल्या.

१५ फेब्रुवारी १९४६ रोजी यंत्राचा मोठा कार्यक्रम झाला. गोळा जमिनीवर पडायच्या आत यंत्रानं त्याची सगळी वाट मोजून दाखवली. ती मांडणी बेटी आणि जीन यांनी केली होती. त्या रात्री मेजवानी झाली. या सहा जणींना बोलावणंच नव्हतं. पन्नासेक वर्षं त्यांची नावं फारशी कुणाला माहीत नव्हती. १९९७ साली सहाही जणींचा एकत्र सन्मान झाला.

त्यांचा हिशेब लढाईसाठी होता, हे आम्ही विसरत नाही. पण हिशेब कुणी केला, हेही विसरायला नको.

मैत्रिणींनो, आपल्या गटाची हिशेबवही कोण लिहितं? बँकेत कोण जातं, व्याज कोण काढतं? पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात तिचं नाव लिहा. पूर्ण नाव, तिच्याच सहीसकट.