डॉक्टरावर दावा

सोलापूरहून आगगाडीने पुण्यास निघालात म्हणजे वाटेत दौंड लागते. तेथे डॉ. त्रिंबक बापू गोडबोले वैद्यकी करीत. 1953 च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. टॅक्सीने सुमारे 200 मैल प्रवास करून त्याला पुण्यास आणले. तेथील इस्पितळात पुरेशी भूल न देता, मॉर्फियाच्या एकाच इंजेक्शनावर, जोर लावून हाड ओढले गेले. त्याच रात्री मुलगा गेला. दाखल्यात कारण वेगळेच लिहिले होते; मृत्यू त्या उपचाराच्या धक्क्याने झाला, असे न्यायालयाने ठरविले.

आपण अशा वेळी 'दोरीच तुटली' म्हणतो आणि गप्प बसतो. या आईबापांनी दावा लावला. बाप स्वतः डॉक्टर, म्हणून चूक दिसली. तुम्हाआम्हाला ती कशी दिसावी? प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. 2 मे 1968 रोजी निकाल आईबापांच्या बाजूने लागला. भरपाई 3,000 रुपये!

पैशापेक्षा निकालातले तत्त्व मोठे. रोगी हाती घ्यावा की नाही, उपचार कोणता करावा, तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे. एकीत जरी कसूर झाली तरी दावा चालतो. नुसते निदान चुकले म्हणून मात्र डॉक्टर दोषी ठरत नाही. निष्काळजीपणा दाखवावा लागतो. त्यासाठी कागद हवेत. गुरुजी, गावातल्या लोकांना केसपेपर जपून ठेवायला सांगा.

1995 साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आणले. त्यामुळे आता सोलापूरच्या माणसाला जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते.